दुसरी काठी कोण धरणार?

मी एक लांबलचक कापडी फलक आहे. वजन फारसं नाही, पण एकट्यानं मला धरून दाखवावं. माझ्या दोन टोकांना दोन काठ्या, आणि दोन काठ्यांना दोन माणसं लागतात. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

प्राइडची, म्हणजे समलिंगी लोकांच्या अभिमानाची, मिरवणूक उन्हाळ्यात, पण तयारीची बैठक भर थंडीत वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरली. पुढे कोण, मागे कोण, ढोल कुणाचे, गाणी कुठल्या भाषेत? माणसं देशोदेशींहून या शहरात आलेली, त्यामुळे भांडणंही देशोदेशीची. शेवटी ठरलं, की सगळ्यांच्या पुढे आईबापांचा गट चालेल आणि त्यांच्या हातात मी. माझ्यावर प्रत्येकाच्या भाषेत एकच वाक्य असेल: ‘आमचं मूल, आमचा अभिमान.’

काठ्या कोण धरणार, असं विचारताच एका बाईंचा हात वर गेला. “आम्ही दोघं धरू. मी आणि हे.”

‘हे’ घरी होते आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. धंद्यानं ते पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. मुलानं “मी गे आहे” असं सांगितलं, तेव्हापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मुलगा आपल्या जोडीदाराबरोबर वेगळा राहायचा आणि फोन आईलाच करायचा.

पेंटर कामावर गेले की बाई मला स्वयंपाकघरात पसरायच्या. गटातल्या आया येऊन आपापली ओळ रंगवून जायच्या. एकीची लिपी उजवीकडून डावीकडे धावणारी. तिला जागा पुरेना, तर शेवटची अक्षरं चक्क एकमेकांच्या डोक्यावर चढली.

काम झालं की माझी रवानगी गादीखाली. त्याच गादीवर पेंटर झोपायचे. त्यांनी कूस बदलली की मी जीव मुठीत धरायचो. बाईंचं आपलं ‘आज सांगते, उद्या सांगते’ चालूच होतं. तेवढ्यात उन्हाळा दाराशी आला.

मग एका सुट्टीच्या सकाळी पेंटरांनी गादी उन्हात घालायला उचलली.

त्यांनी मला जमिनीवर पसरलं आणि आपल्या भाषेतली ओळ वाचली. आत गेले, ते मोठी कात्री घेऊनच आले. भांडी टाकून बाई ओल्या हातांनी धावल्या.

“अहो, नका. मला काय बोलायचं ते बोला, पण त्याला कापू नका.”

कात्री माझ्यात घुसली. एक अर्धगोल कापला गेला, मग त्याच्या शेजारी दुसरा. संपलो, असंच मला वाटलं.

“वाऱ्याला वाट ठेवली नाहीस,” मान वर न करता पेंटर म्हणाले. “एवढं लांब कापड. वारा भरला की फुगेल आणि तुला फरफटत नेईल. बाहेर लावायच्या बॅनरला अशी भोकं पाडावीच लागतात.” मग त्यांनी विचारलं, “दुसऱ्या काठीला कोण आहे?”

“तुमचं नाव दिलंय. न विचारता.”

कात्री थांबली.

“विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

पेंटर माझ्यावरच्या ‘आमचं मूल’ या शब्दांवरून बोट फिरवत राहिले. “आता त्याला विचार,” ते म्हणाले. “मी काठी धरलेली त्याला चालेल का?”

बाईंनी स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. आम्ही तिघंही कान टवकारून बसलो.

“त्यांनाच विचारू दे,” मुलगा म्हणाला.

पेंटरांनी फोन घेतला. “मी बोलतोय,” म्हणाले, आणि पुढे त्यांना शब्दच सापडेनात. अख्खा जन्म अक्षरं काढण्यात गेलेला माणूस.

शेवटी मुलगाच म्हणाला, “या बाबा. पण मध्येच सोडून जायचं नाही.”

“नाही जाणार.”

मिरवणूक अजून व्हायची आहे. काठ्यांना गुंडाळून मला भिंतीला टेकवून ठेवलंय. अंगात भोकं आहेत, पण तक्रार नाही. दिलेला शब्द पेंटर पाळतील ना, हीच धाकधूक आहे. त्या दिवशी तुम्ही रस्त्याच्या कडेला असाल, तर माझी अक्षरं वाचायची घाई करू नका. आधी माझ्या टोकाशी चालणाऱ्या त्या माणसाकडे बघा, आणि त्याला हसू नका. तो फार घाबरलेला असेल.