चारातला एक

अंजलीच्या माहेरी पत्रिका बघायची पद्धत नव्हती. लग्न लागायचं विहारात. ग्रहताऱ्यांना विचारतो कोण! पण वडिलांची एक अट होती, मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट. त्यांचा थोरला मुलगा तेराव्या वर्षी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं गेला होता, सांधे धरून ओरडत. अंजली स्वतः वाहक. तिला त्रास नव्हता, पण नवराही वाहक निघाला तर पोरांच्याही वाट्याला तेच येण्याची भीती होती. हे सगळं तिनं बघायला आलेल्या संघर्षला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ऐकताना त्यानं डोळे पुसले आणि आठवड्यात स्वच्छ रिपोर्ट आणून दिला.

लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नाही. अंजलीच्या नळ्या बंद निघाल्या. सासूबाईंनी टोमणे मारायचे तेवढे मारून घेतले. शेवटी आयव्हीएफ ठरलं. कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बायको वाहक असली की नवऱ्याचं रक्त आम्ही पुन्हा तपासतोच."

"जुना रिपोर्ट आहे की," संघर्ष म्हणाला. पण तिथं त्याचं कोण ऐकतंय!

तोही वाहक निघाला. म्हणून मग गर्भ तपासायला पाठवले. अंजली घरी येऊन जुन्या लॅबच्या नावानं खडे फोडू लागली, तशा सासूबाई भाजी निवडता निवडता बोलून गेल्या, "लॅबचा काय दोष? रक्त रवीचं दिलं होतं. संघर्ष वाहक आहे हे कॉलेजातच कळलं होतं. एवढं चांगलं स्थळ हातचं घालवायचं का?"

रवी म्हणजे धाकटा दीर. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आज दवाखान्यात निकाल हाती आला. पाच गर्भांपैकी दोन आजारी, दोन वाहक, एक अगदी निर्दोष. संघर्षची कळी खुलली. गर्भ पोटात सोडायच्या संमतीचा फॉर्म त्यानं तिच्यापुढं सरकवला. "झालं ना सगळं नीट? कर सही."

"माझ्या नळ्या उघड्या असत्या तर?" अंजलीनं विचारलं. "चार वर्षं दर महिन्याला मी आशेवर होते. तुम्हाला सगळं माहीत होतं."

"चारातला एखादाच आजारी निघतो गं," तो पुटपुटला. "तीन चांगले असतात."

म्हणजे यानं मोजून ठेवलं होतं. तिच्या भावाचं मरण ऐकून, डोळे पुसून, वर हे मोजून ठेवलं होतं. अंजलीला त्याची किळस आली. तिनं फॉर्म मागे सारला.

"मूल नको का तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हवंय. तो चांगला गर्भ जपून ठेवा, मॅडम," ती म्हणाली. "पण यांच्या भरवशावर त्याला जन्माला घालायची माझी छाती होत नाही."