वाचताना वाढलेली ओळ

आमच्या छापखान्यात प्रुफं जोडीने तपासतात. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या पानावर पेन्सिल फिरवत जायचं. नुसते शब्द नाहीत, स्वल्पविरामसुद्धा वाचायचा. बावीस वर्षं मी वाचतेय आणि मास्तर पेन्सिल धरतायत. मास्तर हे टोपणनाव. शाळेत ते कधी शिकवायला गेले नाहीत, पण दुसऱ्याच्या चुका काढायची हौस दांडगी.

त्या दिवशी घसा बसला होता, पाठ धरली होती. पर्समधल्या फोनवर सकाळपासून धाकट्या भावाचा निरोप पडून होता. ‘ताई, कामासाठी आलोय. आठच्या गाडीने परत. घरी येऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल.’ आठ वर्षांनी हे एवढंच. तीन वाजून गेले तरी माझ्याकडून ना हो, ना नाही.

समोर कवितांचं पुस्तक, कवी नवा. मला कविता वाचायला नको वाटतात. ओळी आखूड, आणि दम दुप्पट लागतो.

“वाचा,” मास्तर म्हणाले. “पान एक्केचाळीस.”

“तू दार लावून घेतलंस, स्वल्पविराम, नवी ओळ. मी पायरीवर उभा, स्वल्पविराम, नवी ओळ. कडीचा आवाज अजून, नवी ओळ, माझ्याबरोबर जेवायला बसतो, पूर्णविराम.” मी थांबले नाही. त्याच रटाळ सुरात पुढे वाचलं, “नवी ओळ. आतून मलाही ती काढता आली नाही, पूर्णविराम.”

“ही ओळ खाल्ली की कंपोझवाल्याने!” मास्तरांनी समासात खूण करून ओळ लिहूनही टाकली. “सकाळपासून तो जांभया देतोय, म्हटलं काहीतरी गिळणारच.”

मी हस्तलिखितावर बोट ठेवलं. पुन्हा वरून खाली आले. कविता जेवायला बसण्यावरच संपत होती.

“मास्तर, इथेही नाहीये ती.”

“मग वाचलीत कुठून?”

देवाला आतलं सगळं ठाऊक असतं, तरी तो ते आपल्याच तोंडून वदवून घेतो. आणि वेळ निवडतो तीही कामाची.

सांगितलं मग. आईच्या शेवटच्या दिवसांत मी एकटीच होते. ती शुद्धीत आली की धाकट्याचंच नाव घ्यायची. तो पोचला तेव्हा सगळं आटोपून तीन दिवस झाले होते. दारातच त्याला म्हटलं, आता कोणासाठी आलास? आणि कडी लावली.

“उशीर का झाला, विचारलंत?”

“नाही.”

“त्याने सांगितलं?”

“सांगू दिलं असतं तर ना.”

एरवी मास्तरांचं कीर्तन सुरू झालं की आवरत नाही. आज ते नुसते चष्मा पुसत बसले. मग खोडरबर घेऊन समासातली ओळ पुसायला लागले.

“कविता दाराबाहेर राहिलेल्याची, आणि तुम्ही आतल्या बहिणीचं उत्तर त्यातच छापायला निघालात! कवी आपल्या दोघांना फाडून खाईल.” पानावरचा चुरा त्यांनी फुंकला. “इथली पुसली. जिथे पाठवायची तिथे पाठवा, ताई.”

मी फोन घेऊन जिन्यापाशी गेले. बोलायला काही जुळवलं नव्हतं. जुळवायचं त्राणही नव्हतं. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

“ताई?”

आवाज जाड झाला होता त्याचा. आईसारखा जरा घोगराही.

“साडेपाचपर्यंत पोचते मी घरी,” मी म्हटलं. “ये. आणि जपून चढ रे, जिन्यातला दिवा गेलाय.”



“तेव्हाही नव्हता, ताई,” तो म्हणाला. “बॅग घेऊन भिंत चाचपडत उतरलो होतो.”

मला ते माहीत नव्हतं. पावलं ऐकली होती मी, दाराला पाठ लावून. इतकी सावकाश का पडतायत, हे मनात आलं नव्हतं.

“आज मी खाली येऊन थांबते,” मी म्हटलं. “बरोबर चढू.”

“बरं,” तो म्हणाला. “मी सांगतो मग, तेव्हा का...”

“घरी सांग. बसून सांग.”

परत आले तर मास्तरांनी पुढचं पान काढून ठेवलं होतं. शेजारी पाण्याचा पेला. अजून तीस पानं बाकी होती आणि घसा तसाच बसलेला.

“पान बेचाळीस,” ते म्हणाले. “कागदावर आहे तेवढंच वाचा हं.”