पाहुणा कुठवर आला?

समुद्रात वादळ तयार होतंय हे आमच्या घरात सगळ्यात आधी मला कळलं, आणि मग अर्थातच अंबरनाथपासून चामटोलीपर्यंत सगळ्यांना कळलं. गोष्ट माझ्या पोटात राहतच नाही. फेब्रुवारीत शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी ऐन वेळी तापाने फणफणली आणि बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला. त्याआधी मी वर्गात "हजर" म्हणायलाही घाबरायचे. पप्पा म्हणतात, शाळेने माईक परत घेतला, पण तेजलचं बटण बंद करायचं राहून गेलं.

तर सुट्टीत मी अंबरनाथच्या बुवापाड्याहून बदलापूरजवळच्या चामटोलीला विठाआत्याकडे राहायला गेले होते. मे महिना चालू, आणि अरबी समुद्रात गोव्याच्या खाली कमी दाबाचा पट्टा! एवढ्या लवकर कोण येतं? त्याला अजून नावही नव्हतं, कारण पुरतं चक्रीवादळ झाल्याशिवाय नाव मिळत नाही. म्हणून मीच ठेवलं, पाहुणा. येतो येतो म्हणतो, कधी ते सांगत नाही, आणि आपल्याला घर सोडून हलू देत नाही.

मोबाइलवर मी तासातासाला नकाशा बघायचे. अमेरिकेचं मॉडेल म्हणत होतं, हा वळून ओमानला जाईल. युरोपचं म्हणत होतं, कोकणाला घासत घासत वर सरकेल. तिसरं एक मॉडेल त्याला एकाच जागी गोल फिरवत होतं. मी आत्याला दाखवलं की वादळाचा पुढचा रस्ता म्हणजे एक रेघ नसते. आज ते कुठे आहे हे नक्की, उद्याचं थोडं कमी नक्की, परवाचं त्याहून कमी, त्यामुळे तो रस्ता पुढे पुढे रुंद होत जातो.

"सूपच की गं," आत्या म्हणाली. "मागं अरुंद, पुढं रुंद. नि आपण कुठं हाव?"

"सुपाच्या काठावर."

"म्हंजी पाखडलं तं आपणच आधी उडणार!" असं म्हणून ती हसली, पण लगेच तिने मान वळवून बांधाकडे पाहिलं.

बांधावर तिची दोन जांभळीची झाडं आहेत. दरवर्षी दौलतकाका, म्हणजे तिचे यजमान, झाडं फुलावर असतानाच ठरलेल्या पैशांत सुजितदादाला देऊन टाकतात. सुजितदादा म्हणजे बदलापुरातला जांभळांचा व्यापारी. मग फळ लागो, न लागो, ते त्याचं नशीब. गेल्या वर्षी आत्या बदलापूरच्या जांभूळ महोत्सवात गेली होती. तिथे एका स्टॉलवर एका माणसाने तिच्या हातावर जांभूळ ठेवलं आणि म्हणाला, "खाऊन बघा बाई, आमच्या घरच्या झाडाचं आहे." आत्याने तोंडात टाकलं आणि तिला कळलं, हे तर माझ्याच झाडाचं! लांबट, गर जास्त, बी बारीक. "मला माझ्याच झाडाची चव दुसरा माणूस शिकवत हुता," असं तिने मला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, आणि ती भाकरी काही धड गोल झाली नाही.

म्हणून या वर्षी तिने झाडं दिली नाहीत. बदलापूरच्या बाजारात स्वतः बसून विकणार, म्हणाली. काका म्हणाले, "बघ बाई, तुझं तू." आणि नेमका या वर्षी हा पाहुणा! जांभळं अजून अर्धी गुलाबी होती. आंबा उतरवून अढीत पिकवता येतो. जांभूळ तसं नाही. गुलाबी तोडलं की ते गुलाबीच राहतं, तोंड वाकडं करणारं तुरट. आणि झाडावर ठेवलं अन् वारा आला, तर सगळं चिखलात. तोडायचं की ठेवायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर समुद्रात भिरभिरत होतं.

मी रोज संध्याकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायचे. गॅदरिंगच्या आवाजात. "नमस्कार मंडळी! आपला पाहुणा आज कुठवर आला?" पहिल्या दिवशी मामीने हसायच्या दहा बाहुल्या पाठवल्या. तिसऱ्या दिवशी शेजारची नूतनकाकू कुंपणावरूनच ओरडली, "काय गं, आज पाव्हण्याचं काय?" मला तर आकाशच ठेंगणं झालं.

चौथ्या दिवशी सकाळी सुजितदादाची बाईक बांधापाशी येऊन थांबली. तो मांजर्लीला राहतो, पाऊस जोरात झाला की नदी त्याच्या पायरीशी येते, त्यामुळे आभाळ भरलं की त्याचा चेहराही भरतो. आत्या, काका आणि मी ओट्यावर चहा पीत होतो.

"वहिनी, शेवटचं सांगतो," तो बसायच्या आधीच म्हणाला. "आज माणसं लावतो, कच्ची-पक्की सगळी उतरवतो. व्हिनेगरवाले घेतात. उद्या मला फोन करू नका."

"तुला कवा फोन केला मी?" आत्या म्हणाली.

"अहो, मस्करी नाही. हवामान खात्याच्या मॅडमनी स्वतः सांगितलंय. अख्ख्या मांजर्लीत फिरतंय. ऐका."

त्याने मोबाइल काढला, आवाज वाढवला आणि ओट्यावर ठेवला. मोबाइलमधून कुणीतरी ठणठणीत आवाजात म्हणालं, "मंडळी, हा पाहुणा जर किनाऱ्याला घासून वर आला, तर आपल्याकडे झाडावर एक फळ राहणार नाही!"

आणि बंद.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते.

"बघा!" सुजितदादा म्हणाला. "सरकारी बाई एवढं स्पष्ट बोलते का कधी? मी तर घरातले गहूसुद्धा माळ्यावर टाकले."

गॅदरिंगच्या आधीची तेजल असती तर गुपचूप आत जाऊन पाणी पीत बसली असती. मी कप खाली ठेवला, उभी राहिले आणि त्याच आवाजात म्हणाले, "पण मंडळी, घाबरून आजच फळ उतरवू नका! तीनपैकी एकच मॉडेल त्याला आपल्याकडे आणतंय. उद्या संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट होईल, तोवर माझ्या आत्याच्या जांभळांना हात लावाल तर याद राखा!"

सुजितदादाने मोबाइलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत मोबाइलकडे.

"आईशप्पथ," तो म्हणाला. "मॅडम, तू?"

"कुणीतरी स्टेटसला टाकताना अर्ध्यात तोडलंय."

"अगं कार्टे, माझे गहू!"

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सुजितदादाही हसला, पण व्यापारीच तो, लगेच सावरला. "बरं. तूच ती बाई ना? मग आता तूच सांग. येणार की नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याही. खरं सांगते, "नाही येणार!" असं जोरात ठोकून द्यायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. टाळ्याच मिळाल्या असत्या. पण झाडं आत्याची होती. मी मोबाइल उघडला, सगळ्यांसमोर परत पाहिलं. रात्रीत सूप थोडं पश्चिमेला सरकलं होतं, पण काठ अजून आपल्यावर होताच.

"माहीत नाही," मी म्हणाले. "लांब जायची शक्यता जास्त आहे. पण लांब गेलं तरी त्याचा वारा लागू शकतो. नक्की कुणालाच माहीत नाही."

"घ्या!" सुजितदादाने हात उडवले. "एवढी मोठी बाई, आणि माहीत नाही!"

आत्या उठली. लुगड्याचा काष्टा नीट केला. "नाय ठावं तं नाय ठावं. पोर खरं तं बोलली. मंग आपण दोन्हीची तयारी करू. काळं झालेलं आज उतरवू, गुलाबी हाय ते ऱ्हाऊ दे. नि खाली जाळी बांधू. सुजित, चहा घे नि जा. झाड मी देत नाय."

"वहिनी, वारा आला तर?"

"आला तं माझी जांभळं पडतील. माझीच पडतील ना?"

त्याने चहा घेतला.

जाळीसाठी पप्पांना फोन लावला. त्यांच्या कंपनीला सुट्टी होती. बाईकवरून मला घेऊन ते उल्हासनगरला गेले, तिथे बांधकामाला लावतात ती हिरवी नेट स्वस्त मिळते. हरेशभाई नावाचे दुकानदार काउंटरवर डोक्याला हात लावून बसले होते.

"क्या बताऊं साईं," ते पप्पांना म्हणाले, "परसों एक मॅडम का मेसेज आया, लोगों ने ताडपत्री लूट ली. मी रात्री अजून माल मागवला. आज दुपारी त्याच मॅडमचा दुसरा मेसेज, घाबरू नका, थांबा! अभी ये देखो, सगळा माल पडलाय. कोण आहे ही पोरगी, मिळाली पाहिजे एकदा!"

मी निघण्यापूर्वी ओट्यावरून पूर्ण व्हॉइस नोट परत पाठवली होती, ती आमच्याआधीच उल्हासनगरला पोचली होती. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणजे फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच, मी इतका वेळ गप्प बसले. नेटचा भाव उतरेपर्यंत मी तोंडातून "हं"सुद्धा काढलं नाही.

काळी झालेली थोडीशी जांभळं आत्या-काकांनी आदल्या दिवशीच उतरवली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही जांभळीखाली जाळी बांधली. जांभळीची फांदी दिसते जाड, पण काटकन मोडते, म्हणून आत्याने कुणालाही टोकापर्यंत चढू दिलं नाही. जिथे जाळी कमी पडली तिथे तिच्या जुन्या साड्या. नूतनकाकूनेही दोन आणल्या आणि वर ऐकवलं, "ही माझ्या बारशाला नेसलेली, डाग पडला तर तुझी जांभळं फुकट खाईन." म्हणजे तिच्या मुलाच्या बारशाला. सगळं बांधून झाल्यावर दोन्ही झाडं परकर नेसून उभी असल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळच्या नकाशात पाहुण्याने वळण घेतलं. पश्चिमेला. ओमानच्या बाजूला. मी एवढ्या जोरात किंचाळले की काका बॅटरी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप.

पण जाताना त्याने हात हलवलाच. दुसऱ्या दुपारी वारा सुटला. आधी बांधावरचं गवत आडवं झालं, मग पत्रे वाजायला लागले, मग झाडं अशी घुसळायला लागली की बघवेना. आत्या दारात उभी होती, चौकट धरून. दर झोताला टपटपटप आवाज यायचा, जाळीवर गारा पडाव्यात तसा. मी काहीतरी बोलायला गेले. तिने नुसता माझा हात धरला आणि घट्ट दाबला. तिसऱ्या प्रहरी वारा जसा आला तसाच गेला. पाऊस म्हणाल तर चार थेंब.

आम्ही धावलो. एक जाडजूड फांदी मोडून लोंबत होती. तिच्यावरचं गुलाबी फळ वाया गेलं, त्याला इलाज नव्हता. आत्याने त्या फांदीवरून हात फिरवला. पण जाळीत आणि साड्यांत जे पडलं होतं ते काळंभोर होतं. या दोन दिवसांत जे पिकलं होतं तेच देठातून सुटलं होतं! आणि वर, गुलाबी घोस तसेच टिकून होते, आणखी आठवडाभर पिकायला. दोन्ही झाडं आपली पाचोळा झटकून शांत उभी. काकांनी वर बघितलं आणि म्हणाले, "विठा, निम्म्याच्या वर हाय गं अजून." आत्या तिथेच जाळीवर बसली आणि ओंजळी भरभरून जांभळं टोपलीत टाकायला लागली. साडीवरचे डाग बघून नूतनकाकूने कबूल केल्याप्रमाणे फुकट खायला सुरुवात केली.

सकाळी मी आणि आत्या रिक्षाने बदलापूरच्या बाजारात गेलो. दोन टोपल्या, वर पळसाची पानं, द्रोण करायला. भाजीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी जागा मिळाली. आत्या गोणपाटावर बसली, पदर सारखा केला, टोपलीवरचं पान काढलं, परत ठेवलं, परत काढलं. माणसं येत होती, बघत होती, पुढे जात होती. शेजारचा लिंबूवाला कानठळ्या बसतील असा ओरडत होता.

मला राहवेना. मी उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला, "नमस्का..."

"खाली बस," आत्या म्हणाली.

"अगं, पण कुणीतरी ओरडायला नको का?"

"मी हाय ना."

तिने घसा खाकरला. इकडे तिकडे पाहिलं. आणि मग, शेतात पाखरं हाकताना काढते ना, तसला आवाज काढून ती म्हणाली, "जांभळंऽऽ! चामटोलीची जांभळंऽऽ!" पहिल्यांदा आवाज मध्येच फाटला. दुसऱ्यांदा लिंबूवाल्याने वळून पाहिलं.

ऑफिसला निघालेली एक बाई थांबली. खांद्याला पर्स, हातात डबा. तिने टोपलीत डोकावून विचारलं, "गोड आहेत का हो? कुठून आणता?"

"आणत नाय," आत्या म्हणाली आणि एक लांबट, काळंभोर जांभूळ उचलून तिच्या हातावर ठेवलं. "दोन झाडं हायेत माझी. खाऊन बघा, मंग सांगा."

बाईने खाल्लं. बी हातात काढली, बघितली, आणि म्हणाली, "एक द्रोण नको. दोन द्या."

आत्याने द्रोण भरले. इतके शीग लावून भरले की दोन जांभळं घरंगळून माझ्या मांडीवर पडली, आणि ती मी खाल्ली.