खांद्याचे दोन एक्स-रे

पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवताना माझा आवाज कधी चढला नाही. धाकट्या बहिणीपुढे मात्र त्या सकाळी चढला.

तिच्या काखेत वाटाण्याहून मोठी गाठ होती. दोन महिन्यांपासून. कुर्त्याची बाही काचते, जरा सैल करून दे, म्हणून आली आणि ती गाठ माझ्या हाताला लागली. या दोन महिन्यांत तिने खांद्याचे दोन एक्स-रे काढले होते, खांद्याचे व्यायाम केले होते, शेकसुद्धा घेतला होता.

"अगं, पण खांदा का?"

"डॉक्टर पुरुष होते, ताई. काख कशी म्हणू? जवळपासचं सांगितलं."

"जवळपासचं! उद्या घराला आग लागली तर शेजाऱ्यांचा पत्ता देशील."

तिला ओढतच सोनोग्राफीला नेलं. तिथे डॉक्टरीणबाई होत्या, तरी त्यांनी कुठे दुखतं विचारलं, तर हिचा हात खांद्यावर. मी म्हटलं, "डॉक्टर, काख." काखेत कळसा म्हणतात तो हाच, असं पुढे जिभेवर आलं होतं, पण हसू येईना.

"एक्स-रेत हाडं दिसतात. अशी गाठ दिसायची नाही," त्या म्हणाल्या. "हात डोक्यामागे घ्या."

गार जेल लागताच ही आक्रसली. पडद्यावर घेवड्याच्या दाण्यासारखं काळं काहीतरी आलं. डॉक्टरांनी बोट ठेवलं. "साध्या गाठीत मधे हा पांढरा भाग छान मोठा असतो. इथे तो एका कडेला दाबला गेलाय."

"म्हणजे वाईट?" मी विचारलं.

"नुसतं बघून सांगता येत नाही. संसर्गानेही सुजते. सुईने थोडा नमुना घ्यावा लागेल, उद्याच या. आणखी उशीर नको."

बाहेरच्या बाकावर ती बटणं लावत बसली. मला खूप बोलायचं होतं. दोन महिने, बाई, दोन महिने. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून गिळलं.

शेवटचं बटण लावून ती हळूच म्हणाली, "ताई, उद्या सुई घालायला डॉक्टरीणबाईच असतील ना?"

मी कपाळावर हात मारला.

"कुणीही असो," मी म्हणाले. "हात वर करायचा."