साठ पावलांवरची शिट्टी

"आजोबा, शिट्टी वाजवल्यावर तुमी कुणाची वाट बघता?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज क्रांतीच्या मैत्रिणींनी तिच्याशी लावली होती. आणि तोही घरी नाही, काश्मीरमध्ये जाऊन! "तिथंच वाजायची न्हवं ही शिट्टी? मग तिथंच विचार," अपेक्षा म्हणाली. अरिबा म्हणाली, "घाबरलीस तर दोघींना पेस्ट्री." नववीतली क्रांती घाबरणार? तिनं केस मागे टाकले आणि म्हणाली, "पेस्ट्री तुमीच तयार ठेवा."

मी हे सगळं द्राक्षबागेतल्या शेडमध्ये, खिळ्यावर लटकून ऐकत होते. कारण मित्रांनो, ती शिट्टी म्हणजे मीच.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेचे तुकडे जोडून मला बनवलं, वरून चकचकीत मुलामा दिला आणि पोटात बुचाची एक वाटाण्याएवढी गोळी ठेवली. ती गोळी नाचते म्हणून मी वाजते. एका कामगारानं फुंकून मला तपासलं, तेव्हा मी एवढ्या जोरात किंचाळले की शेजारच्या माणसाच्या हातातला चहा सांडला. कसली खूश झाले होते मी!

तिथून मी सैन्यात भरती झाले. खाकी दोरी मिळाली आणि कुंडल गावच्या हवालदार आकाराम यांचा गळा मिळाला. आम्ही काश्मीरच्या एका उंच चौकीवर राहायचो. तिथं धुकं आणि बर्फ एकदम उतरायचं, स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. सात जवानांची तुकडी गस्तीवरून परतत असली की आकाराम चौकीच्या दारात उभे राहून मला तीनदा वाजवायचे. मग त्या पांढऱ्या पडद्याआडून एकेक आवाज यायचा. "एक!" "दोन!" "तीन!" सातवा आवाज आला की आकाराम चूल पेटवायला सांगायचे. साहेब म्हणायचे, "आकाराम, तेरी सीटी है तो आदमी घर आता है." मी मुलाम्याखाली लाल व्हायचे.

सातवा आवाज तासगावच्या इमाम नावाच्या जवानाचा असायचा. आपल्याच मुलखातला म्हणून आकाराम त्याला आपल्या वाटणीचा गूळ द्यायचे.

आणि एका दुपारी सहाच आवाज आले.

त्या दुपारचं मी पुढं सांगते. आधी मला धीर येऊ द्या.

आकाराम निवृत्त होऊन कुंडलला आले. त्यांच्या खालच्या ओठावर एक पांढरा वण होता, अंगठ्याच्या नखाएवढा. आता आमचं काम द्राक्षबागेत. मण्यांत साखर भरली की साळुंक्या आणि बुलबुल थव्यानं उतरतात. आकाराम मला तीनदा फुंकायचे, पाखरं भुर्रकन उडायची. इथवर सगळं साधंच. पण पाखरं गेली तरी आकाराम हलायचे नाहीत. मान एका बाजूला कलती करून उभे राहायचे आणि एकेक बोट मिटत जायचे. सहा बोटं मिटली की हळूच म्हणायचे, "सहा." सातवं बोट तसंच ताठ राहायचं. त्या वेळी बागेत एक पान हलायचं नाही. वारा असला तरी! क्रांतीनं आणि तिच्या मैत्रिणींनी हे वेलींच्या आडून पाहिलं होतं. अरिबा तर तीन दिवस बागेत आली नव्हती.

आणखी एक गोष्ट या घरात दरवर्षी घडायची. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी तासगावच्या एसटीतून एक स्टीलचा डबा यायचा. आत शिरखुर्मा. "आजोबांच्या मित्राच्या आईकडनं," एवढंच क्रांतीला माहीत होतं. सगळे बोटं चाटून खायचे. आजोबा मात्र एक चमचासुद्धा तोंडात घालायचे नाहीत. डब्यात बेदाणे भरून तो पुन्हा एसटीनंच तासगावला जायचा. आजोबा स्वतः कधीच गेले नाहीत.

यंदा द्राक्षं लवकर उरकली आणि क्रांतीचे पप्पा, शंभूराज, यांनी जाहीर केलं, "ट्युलिपची बाग बघायला काश्मीरला जायचं. समद्यांनी!"

"मी न्हाई येत," आकाराम म्हणाले. "मी बघितलंय काश्मीर."

"आवं आण्णा, तुमी बर्फ बघितलाय. फुलं कुठं बघितली?"

आकारामांनी खुंटीवरची टोपी काढून झटकली.

निघताना क्रांतीच्या मम्मीनं, संयोगितानं, मला खिळ्यावरून काढलं. "आपली मोबाइलची प्रीपेड कार्डं तिथं चालत न्हाईत म्हणं. ही घाल गळ्यात. हरवलीस तर तीनदा वाजव."

"मम्मे, मी काय बालवाडीत हाय?" क्रांती फणफणली. पण मला तिनं गळ्यात घातलंच. इतक्या वर्षांनी एका तरुण गळ्यात! मला किती मिरवावंसं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, ती बाग तुम्ही बघायलाच हवी. डोंगराच्या पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी फुलं. लाल, पिवळी, जांभळी, आणि मध्येच पांढरीशुभ्र. रांगा एवढ्या सरळ की मला परेड आठवली. माणसं फोटो काढत होती, कुणी रील करत होतं. मागे बर्फाचा डोंगर उभा होता. तो आमचा डोंगर नव्हता, पण त्याच्याच भावकीतला होता. त्यानं मला ओळखलं असावं. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन होतं, आणि मी गार पडू लागले.

"ईऽ, शिट्टी बघा किती गारठलीया!" क्रांती म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

मम्मी-पप्पा पांढऱ्या फुलांपाशी सेल्फी काढत होते. आजोबा बाकावर बसले होते. क्रांती शेजारी जाऊन बसली, एक मोठा श्वास घेतला आणि तिनं विचारून टाकलं, "आजोबा, शिट्टी वाजवल्यावर तुमी कुणाची वाट बघता?"

आकारामांच्या ओठावरचा वण आणखी पांढरा झाला. ते उठले आणि फुलांच्या रांगांमधून वर चालू लागले.

तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं. हलकं, ओलं. आधी वरच्या पायऱ्या गेल्या, मग झाडं, मग आजोबांची पांढरी टोपी. भुरभुर पाऊस सुरू झाला आणि माणसं फाटकाकडं पळाली. "आण्णाऽ! ओ आण्णाऽ!" शंभूराज ओरडत होते. उत्तर नाही. फोन लावायचा तर तो बंदच.

क्रांतीनं मला ओठांना लावलं आणि फुंकलं.

मी वाजलेच नाही.

पुन्हा फुंकलं. नुसता फुसकारा. माझ्या पोटातली गोळी गोठून चिकटली होती. एप्रिलमध्ये, फुलांच्या बागेत! मला ती दुपार आठवली आणि मी पितळेची असून थरथरले. तेव्हाही असंच झालं होतं.

पण ही मुलगी थांबणारी नव्हती. तिनं मला दोन्ही तळहातांत दाबून धरलं आणि स्वेटरच्या आत काखेत खुपसलं. मग बाहेर काढून मला सगळीच्या सगळी तोंडात घेतलं. गार लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं मला सोडलं नाही. तिच्या जिभेची ऊब हळूहळू आत शिरली. टक् करून गोळी सुटली.

तिनं तीनदा फुंकलं.

धुक्यातून आवाज आला, "सात!"

आवाज तरुण होता. दमलेला होता, पण आनंदी. क्रांतीनं वळून बघितलं. ओली फुलं होती, माणूस कुणीच नव्हता. गारठ्यानं सगळ्या फुलांनी पाकळ्या मिटल्या होत्या. लाल रांगेतलं एकच फूल सताड उघडं होतं.

त्याच रांगेतून आकाराम खाली आले. टोपी ओली, हात ताठ.

"तू आरोळी दिलीस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. मला वाटलं, तुमी दिली."

आजोबांनी वळून त्या उघड्या फुलाकडं बघितलं. मग आकाराम तिथंच ओल्या दगडावर बसले आणि त्यांनी ती दुपार सांगितली. मी साक्षीदार आहे, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

"सहा जण आले, पोरी. इमाम न्हाई आला. मी वाजवत हुतो. मग शिट्टी गोठली, माझ्या ओठाला चिकटली. वढली तर कातडं सोलून निघालं. रगात बघून मी ती खिशात घातली. वाटलं, जरा थांबू. बर्फ वितळल्यावर तो घावला. चौकीपासनं साठ पावलांवर." ते थांबले. "तू तिला ऊब दिलीस. मी न्हाई दिली."

"पण आजोबा, तुमाला लागलं हुतं."

"लागलं हुतं. पर त्याच्या आईला, मेहरुनबीला, मी चिठ्ठी लिवली की शेवटपतूर शिट्टी वाजवत हुतो. ती म्हातारी ते खरं मानून दरसाल शिरखुर्मा धाडती."

ती चिठ्ठी लिहिली तेव्हा मी त्यांच्या खिशातच होते. त्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते.

क्रांतीनं मला पुसून पुन्हा गळ्यात घातलं. पैज ती जिंकली होती, पण घरी येईपर्यंत तिनं पेस्ट्रीचं नावही काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू खिळ्यावर असेल. तिला घासूनपुसून चमकवलं नाही तरी चालेल. पण ती मुकी झाली तर लगेच खिशात टाकू नका. थोडा वेळ मुठीत धरा. पलीकडे कुणीतरी साठ पावलांवर उभं असतं.

कुंडलला आलो त्या सकाळी, निघण्याआधी ईदला आलेला मेहरुनबींचा रिकामा डबा ओट्यावर तसाच होता. यंदाचे बेदाणे भरून मम्मीनं झाकण लावलं आणि पप्पांना म्हणाली, "आवं, एवढा एसटीत देऊन या."

आजोबा दारात पाठमोरे उभे होते. क्रांतीनं डबा उचलून छातीशी धरला. मी मध्ये दाबली गेले, आणि मला कितीतरी वर्षांनी गरम वाटलं.

"मम्मी, पप्पा, डबा एसटीत द्यायचा न्हाई," ती म्हणाली. "मी नेणार हाय. ही शिट्टीबी नेणार, आन् आजोबांनाबी. बोलायचं ते तेच बोलतील मेहरुनबीआज्जीशी. मधीच त्यांचा आवाज बसला, तर मी शेजारी हायेच."