आठ ओहमचे दोन स्पीकर

गाण्याच्या ऐन मध्यावर गिटारची पहिली तार तुटली आणि कुणालाच कळलं नाही.

तार सपकन मनगटावर बसली होती. मुक्ता थबकली, आजूबाजूला पाहू लागली. पुढे धनश्री माइक धरून गात होती. कीबोर्डवाल्या बिरदेवची मान नेहमीसारखी डोलत होती. न्हावरे गावच्या त्या लॉनवर नवरीकडचे पाहुणे जेवणाच्या मंडपाकडे सरकत होते. मुक्ताने मुद्दाम हात तारांवरून उचलला आणि नुसती उभी राहिली. एक कडवं गेलं. मग गिटारचा तुकडा आला आणि तो व्यवस्थित वाजलाही. बिरदेवच्या कीबोर्डमधून, हुबेहूब गिटारच्या आवाजात.

गाणं संपल्यावर ती स्टेजच्या मागून उतरली आणि मिक्सरपाशी गेली. ऑपरेटर हौसराव तंबाखू मळत बसला होता. मिक्सरवर ओळीने चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. माइक, ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. शेवटच्या पट्टीवर पेनाने लिहिलं होतं, 'वहिनी', म्हणजे मुक्ता. तिच्यावरची आवाजाची सरकती कळ पार तळाला ओढलेली होती आणि कळीच्या खाचेत धूळ साचली होती.

"हौसराव, हे कवापासनं खाली हाय?"

हौसरावने मिक्सरकडे पाहिलं, मग तळहाताकडे. "तुमी पार्टीत आल्यापासनं. आप्पांनी सांगितलंय."

मुक्ताला या ऑर्केस्ट्रा पार्टीत येऊन सात महिने झाले होते, आणि कीबोर्डचा तो आवाज ती आपलाच समजत आली होती.

पार्टीचे मालक सर्जेराव, म्हणजे आप्पा, पाहुण्यांच्या खुर्चीत फेटा सावरत बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"वहिनी, राग मानू नका. बाई गिटार घिऊन स्टेजवर दिसली की लोक मोबाईल काढत्यात. पार्टीला वजन येतं. ऐकतंय कोन? आन् एखांदं चुकलं-बिकलं तर इज्जत आमची जाती."

"कवा चुकलं का माझं?"

"आता ऐकलंच न्हाई, तर कसं सांगू?" असं म्हणून सर्जेराव स्वतःच मोठ्याने हसले.

मुक्ता अठ्ठेचाळीस वर्षांची होती. शिरूरमध्ये तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, चांगदेवचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावून वाळवायची. हे काम ती लग्नानंतर चांगदेवकडून शिकली आणि पाच वर्षांत त्याच्यापेक्षा सफाईने करू लागली. गिटार मात्र तिची माहेरची होती. तिचे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. क्वार्टरच्या ओळीत शेवटच्या घरात परेरा अंकल म्हणून एक रिटायर गार्ड राहायचे. त्यांनी अकरा वर्षांच्या धनगराच्या पोरीला गिटार शिकवली, आणि मरायच्या आधी ती तिलाच देऊन टाकली. शिरूरला आल्यावर मुक्ता ती कधी दुकान बंद करून तर कधी पोरं शाळेत गेल्यावर वाजवायची. गिटारमधली आवाज पकडणारी कॉइल बिघडली तेव्हा तिनेच ती केसासारख्या बारीक तारेने पुन्हा भरली. सात महिन्यांपूर्वी सर्जेराव पाण्याची मोटार घेऊन दुकानात आले आणि त्यांनी भिंतीला टेकवलेली गिटार पाहून तिला पार्टीत बोलावलं, तेव्हा तिला वाटलं होतं, उशिरा का होईना, कुणीतरी विचारलं.

त्या दिवशी न्हावऱ्याहून घरी आल्यावर तिने चांगदेवला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मी माझा ॲम्प घेनार हाय. सोताचा. स्पीकरबी. त्यांच्या मिक्सरमधी वायर घालनारच न्हाई."

चांगदेवने हातातला पाना खाली ठेवला. "पार्टीतनं काढतील तुला."

"काढू द्या. आत्ता तरी कुठं हाय मी पार्टीत?"

चांगदेवने पाना पुन्हा उचलला. मग त्याने विचारलं, "मी येऊ का संगं?"

"नगं. ती पाच एचपीची मोटार परवा द्यायचीय. तुमी ती बघा. हे मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती दौंडला गेली. नवी तार चढवलेली गिटार पाठीला आणि पर्समध्ये दुकानातला मल्टिमीटर. स्टेशनच्या बाजूच्या बाजारात शंभूशेठचं साउंडचं दुकान होतं. बाहेरच डीजेच्या कपाटाएवढ्या पेट्या एकावर एक चढवलेल्या होत्या.

"मुलासाठी का, ताई?" शंभूशेठने विचारलं.

"माझ्यासाठी. गिटारचा ॲम्प."

त्याने पावाच्या डब्याएवढा एक ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवला. "हा घ्या. घरात वाजवायला बास. शेजारीपाजारी तक्रार न्हाई."

"शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा दाखवा."

शंभूशेठने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग माळ्यावरून एक खोकं उतरवलं. आतला ॲम्प साठ वॉटचा, कोरा, अजून प्लास्टिकमध्ये होता. डीजेवाल्यांना त्याचा उपयोग नव्हता म्हणून कुणी घेतला नव्हता. त्याला स्वतःचा स्पीकर नव्हता, तो वेगळा जोडायचा. मुक्ताने तो उलटा केला आणि पाठीमागची पट्टी वाचली. जोडलेल्या स्पीकरचा विद्युतरोध कमीत कमी चार ओहम हवा.

"ह्याला हे दोन बारा इंची लावा," शंभूशेठ दोन जड स्पीकर पुढे सरकवत म्हणाला. "असला दणका येईल, पार पाटसपतुर."

मुक्ताने पर्समधून मल्टिमीटर काढला आणि स्पीकरच्या टोकांना लावला. काटा तीनच्या जरा पुढे थांबला.

"हे चार ओहमचे हायेत, मीटरवर जरा कमीच दिसतं. दोन शेजारी शेजारी जोडले की दोनच ओहम राहिले. मंग ॲम्प झेपंल तेवढ्यापेक्षा जास्त करंट ओढनार आन् जळनार."

"न्हाई जळत, ताई. आमी रोज लावतो."

"पाच एचपीच्या मोटारीत तीन एचपीची वायर भरली तरी ती चार दिवस फिरती, शेठ. पाचव्या दिवशी माझ्याकडं येती."

दुकानात वायर घ्यायला आलेला एक माणूस फिसकन हसला. शंभूशेठ हसला नाही. पण त्याने ते स्पीकर बाजूला केले. "मंग कुठलं पायजे?"

"आठ ओहमचे दोन. म्हंजी जोडून चार हुत्यात. आन् पुढचा कागद हलका असलेले. तुमच्या ह्या डीजेच्या स्पीकरचा कागद लई जाड हाय. त्याच्यातनं ढोल निघंल, गिटार न्हाई."

शंभूशेठने एकामागून एक जोड्या काढल्या. मुक्ता प्रत्येक स्पीकर आधी मीटरवर मोजायची, मग ॲम्पला लावून गिटार वाजवायची. एक जोडी खरखरली. दुसरीत वरचा सूर पत्र्यासारखा किरकिरला. बाजारातली दोन-चार माणसं दारात उभी राहिली. एक म्हातारा चहाचा कप घेऊन पायरीवरच बसला. चौथी जोडी लावली आणि मुक्ताने एकच सूर छेडून बोटाने तो हलवत धरून ठेवला. तो दुकानातून बाहेर पडला, रस्ता ओलांडून पलीकडच्या भाजीवालीपर्यंत गेला. भाजीवालीने वर पाहिलं.

सात महिन्यांत मुक्ताने स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. तिथे उभ्या असलेल्या माणसांसमोर तिला रडायचं नव्हतं. तिने गिटारचा आवाज बंद केला आणि म्हणाली, "हे द्या."

चांगदेवने प्लायवुडची पेटी केली, दोन्ही स्पीकर बसवले आणि वरून काळं रेक्झिन चिकटवलं. मागची बाजू मुक्ताने अर्धी उघडी ठेवायला लावली, आवाज मोकळा निघावा म्हणून.

पुढचा कार्यक्रम पाटसजवळच्या मंगल कार्यालयात होता, दुपारच्या लग्नाचा. चांगदेव आणि मुक्ताने टेम्पोतून पेटी उतरवली तेव्हा सर्जेराव पुढे आले.

"हे काय, वहिनी?"

"गिटारचं हाय."

"अवो, आपली लाइन हाय की."

"तुमच्या लायनीतनं मी जातच न्हाई, आप्पा."

वऱ्हाड येत होतं, नवरदेवाचे चुलते शेजारीच उभे होते. सर्जेरावांना तिथे वाद नको होता. मुक्ताने पेटी स्टेजवर स्वतःच्या मागे ठेवली, ॲम्पची कळ निम्म्याच्याही खाली ठेवली. कुणाला दाबायचं नव्हतं तिला.

पहिल्या गाण्यात गिटारचा तुकडा आला आणि दोन गिटारी एकदम वाजल्या. एक कीबोर्डमधली, एक खरी. गाता गाता धनश्री गर्रकन मागे वळली. ती बावीस वर्षांची, पार्टीत चार वर्षं गात होती आणि तिच्या पाठीमागून असा आवाज कधी आला नव्हता. बिरदेवने मुक्ताकडे पाहिलं. क्षणभर त्याची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली, मग त्याने हात उचलून मांडीवर ठेवले. उरलेला तुकडा मुक्ताने एकटीने वाजवला.

समोरून सर्जेराव तळहात खाली दाबून खुणावत होते, कमी करा. मुक्ताने तो हात पाहिला आणि वाजवत राहिली.

दुसरं गाणं सुरू होणार तोच हौसराव स्टेजच्या कडेने आला आणि त्याने विजेच्या बोर्डातून तिच्या ॲम्पची पिन ओढली. ॲम्पमधून ठप्प असा आवाज आला आणि लाल दिवा विझला. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मुक्ताने गिटार गळ्यातून काढली नाही. तशीच ती स्टेज उतरली, हौसरावच्या हातातून पिन घेतली.

"चालू ॲम्पची पिन अशी ओढत न्हाईत, हौसराव. आदी बटन बंद करायचं."

तिने बोर्डाचं बटन बंद केलं. ॲम्पचं बंद केलं. पिन बसवली, हाताने हलवून घट्ट बसली का पाहिली. मग बोर्डाचं बटन, मग ॲम्पचं. दिवा लागला. हे सगळं तिने दुकानात करते तितक्याच सावकाश केलं. वरती ढोलकीवाल्याने ठेका धरला होता. धनश्रीने हात वर करून त्याला थांबवलं आणि माइकवरच म्हणाली, "थांबा जरा. गिटार येऊ द्या."

त्यानंतर पिनेला कुणी हात लावला नाही. मुक्ताने सगळी गाणी वाजवली. एकदा ती चुकलीही, एका चढत्या जागेवर बोट घसरलं. ते चुकणं साऱ्या मंडपाने ऐकलं. तिने दात दाबले आणि पुढच्या फेरीला तीच जागा बरोबर घेतली.

जेवणं उरकल्यावर सर्जेराव तिच्यापाशी आले. त्यांचा आवाज शांत होता. "वहिनी, पुढच्या तारखांचं बघतो. लागलं तर कळवतो."

ते कळवणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. गावच्या स्टेजवर उभं राहण्याची दुसरी वाट मुक्ताला ठाऊक नव्हती.

"कळवा," ती म्हणाली. "पर मी येनार ती पेटी घिऊनच येनार."

चांगदेव टेम्पो वळवायला गेला होता. मुक्ता पेटी एकटीच स्टेजच्या कडेपर्यंत ओढत आणत होती, तेव्हा मागच्या भटारखान्यातून एक बाई पदराला घाम पुसत आली. रतनबाई तिचं नाव; केटरिंगवाल्याकडे चपात्या लाटायला होती.

"मगाशी ते काय वाजत व्हतं गं? आमी तिकडं सहाजणी लाटत बसलेलो. समद्यांचं हात थांबलं. मुकादम वराडला पार."

"गिटार व्हती, मावशी."

"कोन वाजवत व्हतं?"

"मी."

रतनबाईने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मनगटावरच्या हिरव्या बांगड्या, वार्निशने पिवळी पडलेली नखं. "एक जागी चुकलीस व्हय?"

"व्हय."

"मंग दुसऱ्यांदा बरूबर घेतलंस." एवढं बोलून ती वाकली आणि पेटीची एक बाजू धरली. "चल, उचल."

दोघींनी पेटी टेम्पोपर्यंत नेली. रतनबाई परत भटारखान्याकडे निघून गेली. काळ्या रेक्झिनवर तिच्या हाताचा पिठाचा पांढरा पंजा उमटला होता, पाचही बोटं स्पष्ट. चांगदेवने सीटखालचं फडकं काढलं.

"राहू द्या," मुक्ता म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.