खुशालरावांची माणसं

भाजीची गाडी रिकामी झाली की ती अमरावतीच्या सरकारी दवाखान्याकडे वळायची आणि डॉक्टर अमोलच्या कपाळावर आठी चढायची. त्याचं गाव अचलपूरच्या रस्त्यावरचं, घरोघर वांगी, मेथी नि झेंडू. बाजारातला भाजीचा लिलाव आटोपेस्तोवर सकाळची ओपीडी बंद झालेली असे. मग गावानं सोपा मार्ग काढला होता, थेट अपघात विभाग. तिथं आपला अमोल बसतो, नंबर लावायचा तो परक्यांनी.

गाडीत ही माणसं भरून पाठवणारे दुसरे कोणी नव्हेत, अमोलचे वडील खुशालराव. गावात कुणी नुसतं खोकललं तरी ते म्हणत, जा, माह्या पोराले दाखव. श्रावणच्या तळपायाची भोवरी, बेबीताईंची जुनीपुराणी खाज, सगळं इमर्जन्सीत. अमोलनं हात जोडून सांगितलं, चिडून सांगितलं. खुशालराव शांतपणे ऐकून घेत आणि पुढच्या खेपेला दोन माणसं जास्त पाठवत, वर वांग्यांची पिशवी. प्रणाली सिस्टरना तर वांग्यांचं नाव नकोसं झालं होतं.

शेवटी विभागप्रमुखांनी अमोलला बोलावून चांगलंच झापलं. ही जत्रा पुन्हा दिसली तर इथली ड्यूटी विसरा, असं स्पष्ट बजावलं. अमोलला हेच काम करायचं होतं. जीव जाता जाता माणूस परत येतो ते इथं दिसतं, म्हणून त्यानं हट्टानं हा विभाग मागून घेतला होता. आता भोवरी नि खाजेपायी तो हातचा जाणार, या विचारानं त्याचं डोकं भणभणून गेलं.

त्याच आठवड्यात बडनेऱ्याजवळ ऑटो उलटला. रक्तानं माखलेली एक बाई स्ट्रेचरवर आली आणि स्ट्रेचर दारातच अडकलं. दारात अख्खं गाव उभं. या वेळी खुद्द खुशालराव सोबत होते, इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्यांना हळू बोला म्हणून दटावत. रिकामी असलेली एकुलती एक खाट बेबीताईंनी पिशवीसकट अडवली होती.

अमोलचा तोल सुटला. त्यानं बेबीताईंना दंडाला धरून उतरवलं, श्रावणला बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत वडिलांवर उसळला.

"बाबा, हा दवाखाना हाय, आपलं आंगण नाही. आजपासून माह्या नावावर इथं कोनी यायचं नाही. तुमी बी नाही."

खुशालराव माणसं गोळा करून निमूट बाहेर गेले. बाई वाचली. अमोल त्या दिवशी खुशीत होता, वडिलांना वेळीच सुनावलं याचं त्याला समाधान वाटलं.

गाडी पुन्हा आली नाही. वांगी आली नाहीत, फोनही नाही. अमोलच फोन करी तेव्हा आई आशाबाई बोलत आणि बाबा वावरात आहेत म्हणत. बरंच झालं, असं तो स्वतःला सांगत राहिला. पुढे सुट्टी मिळाली तेव्हा न कळवता गावी गेला, तर खुशालराव भरदुपारी खाटेवर आडवे. अकोल्याला हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं.

अमोल आईवरच भडकला. मी अमरावतीत असताना अकोला कशाला? आशाबाईंनी चुलीपुढून मान वर केली नाही.

"त्या दिवशी ते हेच दुखणं दाखवाले आले होते ना तुह्याकडं. म्हने, आधी लोकायचं होऊ दे, मंग माहं सांगतो."

अमोल खाटेपाशी जाऊन बसला. सगळं नीट झालं ना, एवढंच त्यानं विचारलं. खुशालराव म्हणाले, झालं, रांगेत उभं राहून नंबरानं झालं, माणसं चांगली होती.

"डॉक्टरनं इचारलं, पोरगा काय करते. म्या म्हटलं, भाजी इकते."

अमोलनं टाके पाहायला हात पुढे केला. खुशालरावांनी सदरा खाली ओढून घेतला.

"राहू दे. तिथलेच डॉक्टर पाहतीन. बुधवारी बोलावलं हाय."